रक्ताची वही कोणाच्या हाती?

नाशिकला अथवा त्र्यंबकेश्वरी धर्मकृत्यासाठी गेलेल्या यात्रेकरूस तेथील तीर्थोपाध्याय प्रथम त्याचे गाव व आडनाव विचारतात आणि थोड्या वेळाने जुन्या वहीतील एक पान त्याच्यासमोर उघडतात. त्या पानावर त्याच्या आजोबा-पणजोबांच्या वेळची नोंद असते. गुजरातेत हेच काम वहीवंचा आणि बारोट पिढ्यान् पिढ्या करीत आले आहेत. विसाव्या शतकात कित्येक मराठी घराण्यांनी कुलवृत्तान्त छापले आणि शाखा-उपशाखांसह आपले वंशवृक्ष स्वखुशीने प्रसिद्ध केले. त्याही मागे गेलो, तर दक्षिण गुजरातच्या ताम्रपटांत 'कर्मणेय' या नावाने जो प्रदेश येतो आणि ज्याचे स्थान अभ्यासक आपल्या कामरेजशी जुळवतात, त्या काळच्या दानपत्रांतही दान घेणाऱ्याचे गोत्र आणि पित्याचे नाव कोरलेले आढळते. वंशाची नोंद ठेवण्याचे, किंबहुना राजसत्तेने ती नोंदवून घेण्याचेही, आपल्याला वावडे कधी नव्हते. मग सरकारने नागरिकांच्या डीएनएची नोंद ठेवावी की नाही, असा प्रश्न निघाला म्हणजे मन का कचरते? हा केवळ नव्या यंत्राविषयीचा संशय आहे, की त्यामागे काही नैतिक कारण आहे, याचा विचार प्रस्तुत निबंधात करण्याचे आम्ही योजले आहे.

वही आणि डीएनए यांतला पहिला भेद असा, की वहीत घराण्याने सांगितले तेवढेच लिहिले जाते. दत्तक घेतलेला मुलगा वहीत मुलगाच असतो. याचे ठळक उदाहरण बडोद्याच्या गादीचेच आहे. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा गोपाळराव नावाचा मुलगा १८७५ मध्ये महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतला आणि तो सयाजीराव महाराज होऊन खंडेरावांच्या गादीवर बसला. कामरेज महाल तेव्हा बडोदे संस्थानाच्या नवसारी प्रांतात मोडत असे. गायकवाडी अमलात ज्या घरांचे मूळपुरुष इकडे आले, त्या घरांचा भाग्योदय याच मानलेल्या नात्याच्या छायेत झाला. ते पुत्रत्व धर्माने, कायद्याने आणि लोकमान्यतेने सिद्ध होते. त्याला अधिक पुराव्याची गरज कोणाला भासली नाही. डीएनए मात्र कोणी न सांगितलेलेही सांगतो. घराने ज्यावर प्रेमाने अथवा लज्जेने पांघरूण घातले, ते तो बाजूला करू शकतो. आणि त्याला कोणाची कुलीनता राखायची नसते.

दुसरा भेद समजण्यासाठी डीएनएच्या नोंदीचे स्वरूप थोडे पाहिले पाहिजे. रक्ताचा थेंब, थुंकी अथवा केसाचे मूळ यांपासून प्रयोगशाळा जो 'जनुकीय ठसा' तयार करते, त्यात माणसाच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचन नसते. त्यातील सुमारे वीस निवडक ठिकाणी काही अक्षरक्रम किती वेळा पुन्हा पुन्हा येतो, याचे ते आकडे असतात. दोन असंबंधित माणसांचे सगळे आकडे जुळणे जवळजवळ अशक्य. बाप-लेकांचे मात्र प्रत्येक ठिकाणी निदान अर्धे जुळतात. या आकड्यांवरून रोगाची अथवा स्वभावाची विशेष माहिती मिळत नाही, असे पुरस्कर्ते सांगतात आणि ते बहुतांशी खरे आहे. परंतु ठसा ज्यापासून काढला तो मूळ नमुना जर कपाटात राहिला, तर आज न वाचलेले उद्या वाचता येते. ठसा ठेवणे आणि नमुना ठेवणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. सरकारी नोंदीविषयीच्या चर्चेत त्या वारंवार एकच समजल्या जातात आणि बराच गोंधळ तेथून सुरू होतो.

आता या विद्येचे उपकार प्रथम मान्य केले पाहिजेत. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादेहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे विमान उड्डाणानंतर लगेच बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळले. विमानातील २४२ पैकी २४१ जण आणि जमिनीवरील १९ जण प्राणास मुकले. आगीने देह असे जळले होते, की आईलाही आपले मूल ओळखता येऊ नये. नातेवाइकांनी इस्पितळात जाऊन आपले रक्त दिले, गांधीनगरच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत ते अवशेषांशी पडताळले गेले, आणि पुढील सुमारे दोन आठवड्यांत एकेक करून देह त्या त्या घरी पोहोचले. गुजरातचे माजी मुख्यमंत्री विजय रूपाणी यांची ओळखही अशीच पटली. त्याच्या आदल्या वर्षी, मे २०२४ मध्ये, राजकोटच्या क्रीडागृहाला लागलेल्या आगीतील मृतांची ओळख पटवण्यासाठीही हाच उपाय योजावा लागला होता. मृताला त्याचे नाव परत मिळणे आणि जिवंतांना अंत्यसंस्काराचा अधिकार मिळणे, यापेक्षा शास्त्राचा अधिक पवित्र उपयोग क्वचितच सांगता येईल.

गुन्ह्याच्या तपासातही तसेच. लेस्टर विद्यापीठातील ॲलेक जेफ्रीज यांना १९८४ मध्ये ही पद्धत सापडली आणि दोनच वर्षांनी तेथील दोन मुलींच्या खुनांच्या तपासात ती वापरली गेली. तिने पहिले काम केले ते एका निरपराध तरुणाला सोडवण्याचे. त्याने पोलिसांपुढे गुन्हा कबूल केलेला होता. नंतर आसपासच्या गावांतील पाच हजारांच्या आसपास पुरुषांचे रक्त तपासूनही खरा गुन्हेगार सापडेना, कारण त्याने आपल्या जागी सहकाऱ्याला रक्त द्यावयास पाठविले होते. ती गोष्ट एका मद्यगृहातल्या गप्पांत फुटली आणि तेव्हा तो हाती लागला. भारतात हैदराबादच्या संशोधनसंस्थेत डॉ. लालजी सिंह यांनी ही विद्या रुजवली. ज्या स्त्रीवर अत्याचार झाला तिच्या शब्दावर अविश्वास दाखविण्याची ज्या समाजाची जुनी खोड आहे, त्या समाजात निर्विकार साक्षीदाराचे मोल मोठे आहे, हे कोणी नाकारू नये.

इथवर दोन्ही पक्षांचे एकमत होईल. मतभेद सुरू होतो तो काम झाल्यावर त्या नोंदीचे काय करावे, येथे. आपल्या देशातील कायद्याची वाटचालही याच ठिकाणी अडखळली आहे. मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायमूर्तींनी १९६१ मध्ये असा निर्णय दिला, की बोटांचे ठसे अथवा हस्ताक्षराचा नमुना देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे नव्हे. शरीराची खूण घेण्याचा सरकारचा अधिकार त्यामुळे मान्य झाला. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमुखाने सांगितले, आणि या हक्काला बाधा आणणाऱ्या कायद्याचा हेतू योग्य असावा व त्याची झळ हेतूच्या प्रमाणात असावी, अशी कसोटी घालून दिली. डीएनएच्या नोंदीसाठी स्वतंत्र कायदा करण्याचे प्रयत्न त्याआधीपासून चालू होते. जानेवारी २०१९ मध्ये असे विधेयक लोकसभेत संमत झाले, पण त्या लोकसभेची मुदत संपल्याने ते बारगळले. जुलै २०१९ मध्ये ते पुन्हा मांडले गेले, संसदीय स्थायी समितीने फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यावर अहवाल दिला, आणि जुलै २०२३ मध्ये सरकारने ते मागे घेतले. दरम्यान १९२० चा कैद्यांच्या ओळखीचा कायदा रद्द होऊन फौजदारी प्रक्रिया (ओळख) अधिनियम ऑगस्ट २०२२ पासून अमलात आला. त्यानुसार शिक्षा झालेल्या व अटक झालेल्या व्यक्तींचे जैविक नमुने व त्यांचे विश्लेषणही घेता येते आणि त्या नोंदी ७५ वर्षे ठेवता येतात. पूर्वी शिक्षा न झालेला माणूस निर्दोष सुटला तर त्याची नोंद नष्ट करावी, अशी तरतूद आहे; मात्र न्यायालयाने अथवा दंडाधिकाऱ्याने कारण लिहून वेगळा आदेश दिल्यास ती राहू शकते.

येथे प्रतिपक्षाचे सर्वांत बळकट म्हणणे ऐकले पाहिजे. ते म्हणतात, की काही लोकांचीच नोंद ठेवली तर अन्याय होतो, कारण पोलिसांचा हात ज्यांच्यापर्यंत सहज पोहोचतो त्या गरिबांचीच नावे त्या वहीत भरतात. मग सर्वांचीच नोंद का ठेवू नये? राजापासून रंकापर्यंत प्रत्येकाचा ठसा असेल, तर कोणावर ठपका राहणार नाही, बेवारस म्हणून कोणाचे दहन होणार नाही, आणि गुन्हेगाराला लपायला जागा उरणार नाही. स्वतः जेफ्रीज यांनीही एकेकाळी सर्व लोकसंख्येच्या नोंदीची कल्पना मांडली होती; फक्त ती पोलिसांच्या हाती न देता स्वतंत्र संस्थेकडे असावी, अशी त्यांची अट होती. ज्याने काही केले नाही त्याला भय कशाचे, हा प्रश्न सामान्य माणसाच्या तोंडी सहज येतो आणि तो उर्मटपणाचा नाही. मूल हरवलेल्या आईने तो विचारला तर आपण काय उत्तर देणार?

उत्तराचा पहिला भाग व्यवहारातला आहे. यंत्र चुकत नसले तरी माणसाचा हात चुकतो. जर्मनीत हाइलब्रोन येथे २००७ मध्ये एका महिला पोलिसाचा खून झाला. तेथे सापडलेला एका अज्ञात स्त्रीचा डीएनए जर्मनी, ऑस्ट्रिया व फ्रान्समधील सुमारे ४० ठिकाणी आढळला. एवढी क्रूर आणि सर्वसंचारी स्त्री कोण, या विवंचनेत पोलीस दोन वर्षे होते. २००९ मध्ये उघड झाले, की नमुने टिपण्याच्या कापसाच्या काड्या जेथे बांधल्या जात, तेथील एका निरुपद्रवी कामगार स्त्रीचा तो डीएनए होता. नोंदवही जितकी मोठी, तितके अशा योगायोगात कोणाचे तरी नाव निघण्याचे भय मोठे. आणि ज्याचे नाव निघाले त्याला आपले निर्दोषत्व स्वतः सिद्ध करावे लागते. परंतु हा आक्षेप सावधगिरीने कमी होऊ शकतो. म्हणून आम्ही त्यावर फार भार देत नाही.

दुसरा भाग इतिहासातला आहे आणि तो अधिक गंभीर आहे. बोटांच्या ठशांची पद्धत या देशातच वाढली. १८५८ मध्ये बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराकडून करारावर हाताचा पंजा उमटवून घेतला, एवढ्यासाठीच की त्याने पुढे सही नाकारू नये. १८९७ मध्ये कलकत्त्यास ठशांचे दप्तर निघाले. १९११ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने नोंदणी झालेल्या जमातींच्या लोकांचे ठसे घेण्याचा अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्यास मिळाला. करार पाळला जावा म्हणून निघालेली युक्ती, जन्मानेच ज्यांना गुन्हेगार ठरविले त्यांच्या मानेवर पन्नासेक वर्षांत येऊन बसली. सोलापूरच्या सेटलमेंटात आणि अहमदाबादच्या छारानगरात ज्यांचे आजे-पणजे काटेरी कुंपणाआड हजेरी देत होते, त्यांना हा इतिहास पुस्तकात वाचावा लागत नाही. लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'ला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा मराठी वाचकाला त्या जगण्याची थोडी ओळख झाली. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. परंतु या जमातींकडे सराईत गुन्हेगार म्हणून पाहणाऱ्या तुरुंग-नियमावल्यांतील तरतुदी सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२४ मध्ये रद्द ठरवाव्या लागल्या. कायदा गेल्यावरही त्याने केलेली नोंद ७२ वर्षे कागदावर जिवंत होती. नोंद ठेवणाऱ्या अधिकाऱ्याचा हेतू शुद्ध असेल. पण अधिकारी बदलतात, राज्ये बदलतात आणि वही नव्या धन्याकडे तशीच जाते. तिचा उपयोग काय करायचा ते नवा धनी ठरवतो.

सर्वांची नोंद ठेवल्याने हा दोष जात नाही. सर्वांची नावे वहीत असली, तरी वही कोणासाठी उघडली जाईल ते उघडणाऱ्यावर अवलंबून राहते. कुवेतने २०१५ मध्ये मशिदीतील बॉम्बस्फोटानंतर नागरिक, रहिवासी आणि पाहुणे अशा सर्वांचा डीएनए सक्तीने नोंदवण्याचा कायदा केला. ऑक्टोबर २०१७ मध्ये तेथील घटना न्यायालयाने तो रद्द केला. इंग्लंडने निर्दोष सुटलेल्यांचेही ठसे ठेवण्याची प्रथा पाडली होती. ४ डिसेंबर २००८ रोजी स्ट्रासबर्ग येथील युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ती चुकीची ठरवली. ज्या दोघांनी ती फिर्याद केली होती त्यांपैकी एकाला अटक झाली तेव्हा तो ११ वर्षांचा होता. पुढे २०१२ च्या कायद्यानुसार तेथील १७ लाखांहून अधिक ठसे पुसले गेले आणि मूळ नमुने नष्ट केले गेले. म्हणजे वही लहान करता येते, आणि ती लहान केल्याने राज्य बुडत नाही.

उत्तराचा तिसरा भाग आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्याने काही केले नाही त्याला भय कशाचे, असे विचारताना आपण गृहीत धरतो, की डीएनए त्या एका माणसाचा आहे आणि तो देणे न देणे हा त्याचा एकट्याचा प्रश्न आहे. वस्तुस्थिती तशी नाही. माझे आडनाव मी सांगितले तर फार तर माझे कूळ कळते. माझे रक्त मी दिले, तर माझ्या बहिणीचे अर्धे, पुतण्याचे पाव आणि चुलतभावाचे काही अंशी मी देऊन टाकतो. त्यांना मी विचारलेले नसते. जे अजून जन्मले नाहीत त्यांना विचारणे तर शक्यच नसते. आइसलँडमध्ये १९९८ च्या कायद्याने साऱ्या राष्ट्राच्या आरोग्यनोंदींचे एकच भांडार करावयाचे ठरले होते. एका मुलीने हरकत घेतली, की माझ्या दिवंगत वडिलांची माहिती त्यात घालू नका, कारण त्यावरून माझ्याविषयी अनुमान काढता येईल. २००३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तिचे म्हणणे मान्य केले. मृत पित्याचे गुपित हे जिवंत लेकीचेही गुपित आहे, हे तत्त्व आपल्या एकत्र कुटुंबाच्या कल्पनेला परके वाटू नये. आपल्याकडेही फेब्रुवारी २०२३ मध्ये, पुण्याच्या कुटुंब न्यायालयातून निघालेल्या एका पतिपत्नीच्या वादात, सर्वोच्च न्यायालयाने मुलाची डीएनए तपासणी करण्याचा आदेश रद्द केला. आईबापांच्या भांडणात मुलाला पुराव्याची वस्तू करता येणार नाही आणि आपल्या जनुकीय माहितीवर त्याचा स्वतःचा हक्क आहे, असा त्या निर्णयाचा आशय आहे.

या मुद्द्याचा आपल्यासारख्या लहान समाजाशी विशेष संबंध आहे. तापीकाठच्या जुन्या मराठी घरांची संख्या मोजकी. सोयरीक पिढ्यान् पिढ्या त्याच घरांत होत आली. एका घरची आत्या दुसऱ्या घरची सासू, असे आपले गणित. अशा समाजात एका माणसाचा नमुना म्हणजे दहा-बारा घरांची चाहूल असते. अमेरिकेत २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातील एक जुना खुनी पकडला गेला, तो त्याने स्वतः दिलेल्या नमुन्यावरून नव्हे. वंशावळीच्या हौसेने दूरच्या नातलगांनी एका संकेतस्थळावर जी माहिती ठेवली होती, तिच्या आधाराने पोलीस त्याच्यापर्यंत पोहोचले. तो पकडला गेला हे उत्तमच झाले. परंतु त्या वाटेत किती निरपराध चुलत-मावस भावंडांची चौकशी करता येते, हेही त्यातून दिसले. मोठ्या, मिसळलेल्या लोकसंख्येत ही वाट लांब असते. आपापसांत लग्ने करणाऱ्या लहान समाजात, आदिवासी जमातीत अथवा विमुक्त वस्तीत ती फार आखूड होते. म्हणून सर्वांची नोंद सर्वांना सारखी झळ देते, हे म्हणणे मुळातच टिकत नाही.

मग सरकारने आपल्या रक्ताविषयी काहीच जाणू नये काय? तसे आम्ही म्हणत नाही, आणि त्याचे कारण आपल्या शेजारीच आहे. दक्षिण गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात, तसेच पलीकडे नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंत, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार पसरलेला आहे. नागपूरच्या संशोधकांनी १९५८ मध्येच मध्य भारतातील त्याच्या अस्तित्वाकडे लक्ष वेधले होते. गुजरात सरकारने २००६ पासून या पट्ट्यात तपासणीचा कार्यक्रम हाती घेतला. पुढे १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आणि ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य ठेवण्यात आले. तपासणी हिमोग्लोबिनची असते, डीएनएची नव्हे. पण तिच्यातून जे कळते ते वंशाचेच. आई आणि बाप दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला हा विकार होण्याची शक्यता चारांत एक असते. म्हणून तपासलेल्यांना रंगांच्या संकेतांची कार्डे दिली जातात आणि विवाहापूर्वी वधूवरांनी ती ताडून पाहावीत, असे सांगितले जाते. पत्रिका जुळविणाऱ्या समाजाला ही रीत सहज कळते, आणि ज्या घरातले मूल या वेदनांनी तळमळते त्या घराला तिचे मोल सांगावे लागत नाही.

तथापि हे कार्डही एक नोंदच आहे. ते तरुणाच्या स्वतःच्या हाती असते आणि प्रश्न त्याच्या अपत्याच्या आरोग्याचा असतो, तोवर ते औषधासारखे आहे. तीच माहिती नोकरी देणाऱ्याकडे, विमा उतरविणाऱ्याकडे अथवा गावच्या चावडीवर गेली, तर तो शिक्का होतो. आपला अनुभव असाही आहे, की वंशातील दोषाचे खापर वराच्या घरापेक्षा वधूच्या माथी आधी फुटते. वाहक असणे हा आजार नव्हे. परंतु 'तिच्या रक्तात काही आहे' एवढे वाक्य एखाद्या मुलीचे लग्न मोडावयास पुरेसे होते. त्यामुळे माहिती खरी आहे की खोटी, एवढे पाहून भागत नाही. ती कोणाच्या हाती आहे आणि कशासाठी आहे, यावर तिची नीती ठरते. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ पासून सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. शाळेत कोण येत नाही हे कळण्यासाठी घरोघरच्या मुलांची नोंद लागणारच. त्या नोंदीने मुलाला पाटी दिली. त्याच काळात ब्रिटिश मुलखात झालेल्या दुसऱ्या एका नोंदीने मुलाला कुंपण दिले. दोन्ही नोंदी सरकारीच होत्या. एकीचा हेतू ठरलेला होता आणि मूल मोठे झाले की तिचे काम संपत होते. दुसरीला अंत नव्हता, कारण ती माणसाच्या कृत्याची नसून जन्माची होती.

यावरून आमचे मत आम्ही असे मांडतो. आपल्या भाषेत देण्याचे दोन प्रकार वेगळे ओळखले जातात. दान दिले की त्यावर पाणी सोडायचे. घेणारा त्याचे हवे ते करो. ठेव मात्र ठेवणाऱ्याचीच राहते. ती सांभाळणाऱ्याला वापरता येते ती ठरलेल्या कामापुरती, आणि मागितली म्हणजे अथवा मुदत भरली म्हणजे परत करावी लागते. ठेव गिळणे हा आपल्याकडे चोरीहून हीन अपराध समजला गेला, कारण त्यात विश्वासाचा घात असतो. नागरिकाचे रक्त सरकारकडे जाते ते ठेव म्हणून, आणि ती ठेवही त्याच्या एकट्याची नसते. घरातल्या कर्त्याने वडिलोपार्जित जमीन सर्वांच्या वतीने गहाण ठेवावी, तशी ती साऱ्या घराची असते. असा कर्ता निकडीच्या वेळी व्यवहार करू शकतो. वंशाचा हक्क कायमचा बुडविणारा व्यवहार करण्याचा अधिकार त्याला नाही. म्हणूनच एखाद्याने सही केली, संमती दिली, एवढ्याने सरकारला ते रक्त अनंत काळ ठेवण्याचा हक्क मिळत नाही. ज्याचा गुन्हा न्यायालयात सिद्ध झाला त्याचा ठसा काही वर्षे राहावा, याला आमची हरकत नाही. त्याने आपल्या कृत्याने तो ओढवून घेतला. त्याचाही मूळ नमुना ठसा काढल्यावर कशासाठी हवा, हे मात्र सरकारने सांगितले पाहिजे. ज्याच्यावर काही सिद्ध झाले नाही त्याची नोंद पुसली जावी, आणि त्यासाठी त्याला कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागू नयेत. सर्व नागरिकांची सरसकट नोंद तर कोणत्याच ठरलेल्या कामासाठी नसते. पुढेमागे उपयोगी पडेल म्हणून ती ठेवायची, आणि त्या 'पुढेमागे'त काय दडले आहे हे देणाऱ्याला सांगता येत नाही.

मूल हरवलेल्या आईच्या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे. तिला सर्वांच्या रक्ताची वही नको असते. तिला तिच्या मुलाचा शोध हवा असतो. त्यासाठी तिचे स्वतःचे रक्त बेवारस मृतांच्या ठशांशी पडताळता येते. २०१९ च्या विधेयकात हरवलेल्या व्यक्ती आणि अनोळखी मृत यांच्या स्वतंत्र सूची सुचविल्या होत्या, आणि विधेयकातील तो भाग आम्हांस स्वागतार्ह वाटतो. विधेयक मागे घेतल्याने त्यातील धोका टळला, तसा हा लाभही लांबला. आणि आणखी एक गोष्ट अधांतरी राहिली. २०२२ चा अधिनियम शिक्षा झालेल्यांविषयी व अटक झालेल्यांविषयी बोलतो. आपल्या माणसाचा देह मिळावा म्हणून इस्पितळाच्या ओसरीवर उभे राहून जो बाप, जी बहीण रक्त देते, त्यांच्या नमुन्याची मुदत किती आणि तो कोणी, केव्हा नष्ट करायचा, हे सांगणारा स्वतंत्र कायदा या देशात नाही. गुन्हेगाराच्या नोंदीला ७५ वर्षांची का होईना मर्यादा आहे. शोक करणाऱ्याच्या नोंदीला लिहिलेली मर्यादाच नाही.

त्या घडीला कोणी अटी विचारीत नाही, विचारणे शक्यही नसते. सुई पुढे आली की माणूस हात पुढे करतो. त्याच्या या असहाय विश्वासाचा मान राखणे हे घेणाऱ्याचे कर्तव्य आहे. एरवी कचेरीत दोन रुपये भरले तरी पावती मिळते. तशी एक पावती रक्त घेताना मिळावी. तिच्यावर नमुना कशासाठी घेतला, तो कोणाकडे राहील आणि कोणत्या तारखेला नष्ट होईल, एवढे तीन ओळींत लिहिलेले असावे. आणि नष्ट केल्यावर तसे कळविणारे पत्र घरी यावे. हे मागण्यासाठी सरकारविषयी अविश्वास बाळगावा लागत नाही. ठेव ठेवणारा सावकारावर विश्वास असतो म्हणूनच त्याच्याकडे जातो, आणि तरीही पावती घेतो. आपल्या घराण्यांनी आजवर आपला वंश वहीत आपल्या हाताने लिहिला. पुढल्या पिढ्यांसाठी तो कोण लिहील हे आपल्या हाती नसेल, तरी कोणते पान केव्हा मिटावे हे विचारण्याचा हक्क आपण सोडू नये, असे आम्हांस वाटते.